पाइपची खालची बाजू

माझी वहिनी अकरा वर्षं दुसऱ्यांचे जोड घासत होती. आमच्या कारखान्यात बॉयलरचे पाइप बनतात. वेल्डरने दोन पाइप जोडले, की त्या जोडावरचे उंचवटे ग्राइंडरने घासून साफ करायचे, हे तिचं काम. जोडात दोष निघाला तर तो कापून उघडून द्यायचा, हेही तिचंच. मी तिथेच स्टोअरमध्ये वेल्डिंगचे रॉड देते. त्यामुळे तिला मी घरीही बघते आणि कामावरही.

एका मंगळवारी डबा खाता खाता ती म्हणाली, "चिमणे, मला पाइपचा जोड मारायचाय."

"कुणाचा राहिलाय?"

"कुणाचा नाही, माझा. परीक्षा देऊन, रीतसर."

मला ठसकाच लागला. ती परीक्षा मी ऐकून होते. पाइप तिरका बांधून ठेवतात, तो जरासुद्धा हलवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकायचं, वळायचं, खालून हात वर धरून वितळलेलं लोखंड भरायचं. मग माणसाच्या हाडाचा काढतात तसा जोडाचा एक्स-रे. चांगले कसलेले वेल्डर तिथे तोंडघशी पडलेत. आणि एकदा नापास झालं, की दोन वर्षं परत बसता येत नाही. वहिनी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.

घरी तिने दादाला सांगितलं. दादाचं केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे त्याला दाखले कमी पडत नाहीत. "अगं, वीस वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांना अजून भांग कुठे पाडायचा ते ठरवता येत नाही, आणि तू एका दुपारीत ठरवून मोकळी?"

"एका दुपारीत सांगितलं, अहो. ठरवतेय तीन वर्षं."

दादाने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "मला काय करायचंय ते सांग."

"आठवड्यातले चार दिवस संध्याकाळचा स्वयंपाक."

वहिनीने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, तिने जवळची सोडून वर्षभर लांबची धरली. पानाच्या तळाशी ती तारीख लिहिली आणि तिथून वर चढत गेली. शेवटचे तीन महिने फक्त तिरका पाइप. त्याआधी आडवा. त्याआधी डोक्यावर धरून जोडायची लोखंडी पट्टी, त्याआधी उभी, आणि सगळ्यात वर साधी जमिनीवरची पट्टी. आठवड्यातून चार दिवस, सुट्टी झाल्यावर एक तास. "पाच दिवस का नाही?" मी विचारलं. "दमलेल्या हाताला चुकाच पाठ होतात," ती म्हणाली.

आमच्या फोरमनला सगळे मास्तर म्हणतात. शब्द त्यांच्याकडून सांडशीने ओढून काढावा लागतो. वहिनीने त्यांच्याकडे भंगाराच्या कोपऱ्यातलं मशीन मागितलं.

"कशाला?"

"शिकायला."

"घासायचं कोण मग?"

"मीच. पाच वाजेपर्यंत घासायचं, पाचनंतर जोडायचं. जाताना कोपरा झाडून जाईन."

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कळेपर्यंत वहिनीने मशीन सुरू केलं होतं.

पहिले दोन महिने तिच्या पट्ट्यांवर गोगलगाय लोळून गेल्यासारखं दिसायचं. पाइप सुरू झाल्यावर वरची बाजू चटकन जमली, कडेची रडतखडत जमली, खालची मात्र जमेचना. लोखंड थेंबथेंब टपकायचं. त्यात पाइपच्या एका अंगाला उजवा हात पोचतच नव्हता. मग तिने डावा हात कामाला लावला. दात डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने, चहा गाळणंही डाव्या हाताने. आठवडाभर आमचा चहा निम्मा कपात आणि निम्मा ओट्यावर.

"हा प्यायचाय की पुसायचाय?" दादाने विचारलं.

"आज पुसा. पुढच्या आठवड्यात प्या."

आणि खरंच पुढच्या आठवड्यात थेंब सांडला नाही.

तिची एक गोष्ट मात्र इतर शिकाऊंपेक्षा वेगळी होती. मारलेला प्रत्येक जोड ती कापून आतून बघायची आणि वहीत लिहायची, भोक कुठे राहिलं, कुठे कड धरली नाही. एकदा मास्तर पाठीमागे उभे असताना तिने कापायच्या आधीच जोडावर खडूने खूण केली, आणि भोक नेमकं तिथेच निघालं. ते म्हणाले, "इथे हवा अडकलीय हे कापायच्या आधीच कसं ओळखलंत?"

"अकरा वर्षं तुमच्या लोकांचेच जोड उघडतेय, मास्तर. दोष कुठे लपून बसतो ते घरच्यासारखं माहीत झालंय."

मास्तर त्या संध्याकाळी तासभर थांबले. पुढेही अधूनमधून थांबू लागले.

सहाव्या महिन्यात त्यांनीच तिला बोलावलं. जवळच्या परीक्षेतला एक उमेदवार गळला होता. "जागा आहे, बसा. हात चांगला बसलाय तुमचा."

घरी आनंदीआनंद. मी म्हणाले, दादा म्हणाला, चालून आलेली संधी कुणी सोडतं का? वहिनी भाजी निवडत होती. म्हणाली, "खालची बाजू दहात सहा वेळा नीट येते. उरलेल्या चार वेळांचं काय करू? दोन वर्षं वाट बघण्यापेक्षा सहा महिने बघेन."

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना नाही म्हणून सांगितलं. कारखान्यात दोन दिवस कुजबुज झाली, बाई घाबरली म्हणून. मला राग आला. तिने नुसता चष्मा पुसला आणि पाइप बांधला. पुढचे सहा महिने तिने वरच्या बाजूला जवळजवळ हात लावला नाही. दहात सहाचे आठ झाले, आठाचे साडेनऊ. "अर्धा जोड कसा मोजलास?" मी विचारलं. "अर्धा मास्तरांना पटला नाही," ती म्हणाली.

परीक्षेला सकाळी पाच जण होते. वेळ तीन तास. बाहेरून आलेले इन्स्पेक्टर हातात घड्याळ घेऊन फिरत होते. मी रॉड द्यायच्या निमित्ताने दारात उभी. वहिनीने पहिला थर पूर्ण केला, तोंडावरची काच वर केली आणि बॅटरी लावून पाइपच्या आत डोकावली. बराच वेळ बघत राहिली. मग इन्स्पेक्टरना हाक मारली.

"साहेब, खाली एक ठिपका दिसतोय. घासून पुन्हा भरलेलं चालतं का?"

"पुढच्या थरात झाकलाही जाईल तो," शेजारचा उमेदवार पुटपुटला.

"चालतं," इन्स्पेक्टर म्हणाले. "वेळ वाढवून मिळणार नाही."

"नको वाढवून."

तिने ग्राइंडर उचलला. एक रेघ जास्त गेली तर पाइपलाच भोक. पण हे तर तिचं रोजचं काम! मोजून सात मिनिटांत तिने ठिपका उकरून काढला, जागा साफ केली आणि डाव्या हाताने खालून पुन्हा भरायला घेतलं. या वेळी एक थेंबही टपकला नाही. वेळ संपायला अकरा मिनिटं असताना तिने रॉड खाली ठेवला आणि ती घटाघटा पाणी प्यायली.

निकाल तिसऱ्या दिवशी आला. मास्तरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरून तिला दाखवली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग करडी पट्टी, डाग नाही. पाचातले दोघे पास झाले होते.

"बाई," मास्तर म्हणाले आणि थांबले. आम्ही वाट बघितली. "छान."

दादाने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि आम्हाला बाहेर जेवायला नेलं. वाढणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "ही वेल्डर आहे." वहिनी त्याला कोपराने ढोसत होती, पण हसू काही लपत नव्हतं.

सोमवारी मास्तरांनी तिच्या हातावर बोटाएवढा पोलादी ठसा ठेवला. पास झालेल्या प्रत्येक वेल्डरला नंबर मिळतो आणि जोड झाला, की त्याने तो नंबर जोडाच्या बाजूला ठोकायचा, म्हणजे पुढे कधीही जोड कुणी मारला ते कळतं. तिचा नंबर सव्वीस. दुपारपर्यंत तिने बॉयलरचा पहिला जोड पुरा केला, चारी बाजूंनी तपासला, ठसा टेकवला आणि हातोडीचा एकच घाव घातला.

"चिमणे," तिने मला हाक मारली, "आणखी रॉड दे. अजून सहा जोड आहेत."