सोळाव्या आवृत्तीचं बळ

वैशाखातल्या दुपारी आमच्या डोंबिवलीच्या घरात आतल्या खोलीतून संगणकाच्या पंख्याची एक मंद, अखंड गुणगुण येत असते आणि पडद्याच्या फटीतला उन्हाचा पट्टा सरकत सरकत ह्यांच्या पांढऱ्या भुवयांवर येऊन टेकतो. हे हाताची घडी घालून बसलेले असतात. पडद्यावर दोन प्रोग्राम आपसात बुद्धिबळ खेळत असतात. ह्यांनी कशालाच हात लावायचा नसतो.

मोहने गावच्या कारखान्यात ह्यांनी उभा जन्म धाग्याची ताकद तपासली. धागा ताणायचा, तुटेपर्यंत वाट पाहायची, आकडा लिहायचा. शेजारच्या टेबलावरचे टिटवाळ्याचे दिवाकरभावजी निवृत्तीनंतर बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहू लागले, तेव्हा तो तपासायचं काम आपसूक ह्यांच्याकडे आलं. प्रत्येक नवी आवृत्ती जुनीशी शेकडो डाव खेळायची. प्रत्येक सुरुवात एकदा पांढऱ्या बाजूने, एकदा काळ्या. एवढा निःपक्षपातीपणा मला संसारात कधी लाभला नाही.

सोळावी आवृत्ती आली तेव्हा भावजी अंथरुणाला खिळले होते. तरी राजाच्या बचावाचा भाग त्यांनी नव्याने लिहिला होता.

"पंधरावीपेक्षा बरी आहे का, एवढंच सांग रे," ते फोनवर म्हणाले. "मग मी मोकळा."

तीन आठवडे सामना चालला. सोळावी पुढे होती, चांगलीच पुढे. टिटवाळ्याला निघायच्या दिवशी, इस्त्रीचा सदरा अंगात चढवून, हे शेवटचं म्हणून सेटिंग पाहायला बसले. समोरच्याच्या वेळातही विचार करत राहायची मुभा सोळावीला चालू राहिली होती, पंधरावीला बंद. संगणक एकच, त्याची ताकद दोघींत वाटलेली; पंधरावी विचार करत असताना सोळावी तिच्या तोंडचा घास काढून घेत होती. तीन आठवड्यांचे डाव वाया गेले होते. ह्यांनी मला हाक मारून पडदा दाखवला.

"बरी आहे म्हणून सांगा," मी म्हटलं. "ते कुठे तपासायला येणारेत?"

"त्याने मला निकाल विचारलाय गं. दिलासा नाही मागितला."

मला राग आला. मरणाच्या दारातल्या माणसापेक्षा सेटिंग मोठं? टिटवाळ्याला पोहोचल्यावर ह्यांनी मान खाली घालून चूक सांगितली, तेव्हा भावजी उशीवर पडल्या पडल्या हसले.

"गाढवा, परत लाव. मी थांबतो."

ते थांबू शकले नाहीत. नवव्या दिवशी गेले. हे स्मशानातून आले, आंघोळ केली आणि अर्ध्यावर आलेला सामना तसाच चालू ठेवला. माझ्यात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी निकाल आला. सोळावी खरंच बरी होती, थोडीशीच, पण निःसंशय. म्हणजे मी सांगायला सांगितलेलं खोटं मुळात खोटं नव्हतंच. ह्यांनी वहीत आकडा लिहिला, सवयीने फोन उचलला आणि हळूच खाली ठेवला. माणूस गेल्यावर काळ पुढे जातो म्हणतात. आमच्या घरात मात्र एक उत्तर तयार होऊन बसलं आहे, आणि ते ऐकायला आता कुणी नाही.