येण्याचं कारण

सर्वेक्षणाच्या बाई दिल्लीत, मुनिरक्यातल्या मयुराच्या दोन खोल्यांत आल्या आणि तिला न विचारताच त्यांनी तिच्या नावापुढे दिल्लीला येण्याचं कारण ‘लग्न’ असं भरलं. तिच्या नवऱ्यापुढे, यशोधनपुढे, ‘नोकरी’.

“मॅडम, उलटं झालंय,” मयुरा हिंदीत म्हणाली. “नोकरीसाठी मी आले. लग्नानंतर हे माझ्यामागे आले.”

बाई हसल्या. “पुरुष असं कारण कधी सांगत नाहीत. साहेबांनाच विचारते.”

यशोधनने मान खाली घातली. समोर त्याचे वडील, मुरलीधरराव, चहा पीत होते. सुनेला दिल्ली आपल्या मुलानेच दाखवली, असं ते लातूरभर सांगत, आणि दोन वर्षं मयुरानेही ते चालवून घेतलं होतं. ती उठली, पंखा वाढवला, पुन्हा बसली, पुन्हा उठली. आजही यशोधन गप्पच राहणार का?

“मला इथे आल्यावर आठ महिन्यांनी नोकरी लागली,” यशोधन जमिनीकडे बघत म्हणाला. “माझ्यापुढे लग्नच लिहा.”

बाईंनी दोघांच्याही नोंदी बदलल्या.

मुरलीधररावांनी कप खाली ठेवला आणि मोडक्या हिंदीत बाईंना विचारलं, “हा कागद लातूरला तर जात नाही ना?”

मयुराला हसू आवरेना आणि एका जागी बसवेनाही.