मीराबाच्या अंगठ्याखाली

"एवढ्या उन्हात याझद शहराहून फरफटत आणलंत, आणि बघायला काय, तर भोक पडलेली वाटी!" काचेला नाक लावून तराना पुटपुटली.

"हळू बोल, ऐकेल ती," तिचे आजोबा इस्फंदियार म्हणाले.

ऐकलंच मी. मित्रांनो, मीच ती जुनी तांब्याची वाटी. आणि भोक पडलेलं नाही, पाडलेलं आहे. तुमच्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्र तरंगवायचे ना, मी त्याच कुळातली.

इराणातल्या आमच्या अनाराबाद गावाच्या चहूकडे वाळवंट. पाणी एकच, डोंगरातून भुयाराने येणारं. ते कुणाच्या बागेत किती वेळ सोडायचं, हे मी ठरवायचे. मीराब, म्हणजे गावाला पाणी वाटून देणारा माणूस, मला हंड्यातल्या पाण्यावर सोडायचा. भोकातून हळूहळू भरून मी बुडाले की एक खडा. ठरलेले खडे झाले की पाट पुढच्या बागेकडे वळायचा. भांडण झालं की लोक म्हणायचे, "वाटीला विचारा." मी बुडायचे, पण ताठ मानेने.

मग एक कोरडा उन्हाळा आला. मीराब नौरोझच्या बागेची पाळी गौहर नावाच्या विधवेच्या लगेच नंतर असायची. गौहरची पाळी चालू असली की त्याचा अंगठा माझ्या पातळ काठावर टेकायचा. हलकेच, पण दर वेळी त्याच जागी. मी वेळेआधी बुडायचे आणि तिचं उरलेलं पाणी त्याच्या बागेत जायचं. त्याची नऊ वर्षांची लेक माहरुख शेजारी बसून खडे टाकायची. गावालाही कळलं असणार, पण मीराबाला बोलणार कोण? सगळे गौहरला सांगायचे, "काय करणार बाई, उन्हाळाच वाईट!" तिची डाळिंबं झाडावरच सुकली. पोराला घेऊन ती शहरात निघून गेली.

वाटीला बुडण्याखेरीज येतं तरी काय, असं मी स्वतःला समजावते. पटत नाही.

पुढे पंप आले, मी मीराबाच्या घरातल्या फडताळात गेले. आता त्याच घराचं छोटं संग्रहालय झालंय. म्हातारी माहरुख मला रोज लिंबाने घासते आणि बसने आलेल्यांना सांगते, "ही वाटी कधी खोटं बोलली नाही." लोक फोटो काढतात. चकाकणाऱ्या भांड्याला तोंड लपवता येत नाही, मित्रांनो. जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण त्या घासताना त्यांच्यावरचं खरं तेवढं घासून टाकू नका.

आज ते वाक्य म्हणून झाल्यावर माहरुखने चहा आणला. "तुमच्या लायकीचा नाही, पण घ्या."

"छे हो खानम, कशाला त्रास!" बाईमाणसाला आदराने खानम म्हणायचं, तसंच रिवाजाप्रमाणे तीनदा नको म्हटल्यावर इस्फंदियारांनी पेला उचलला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "वरच्या अंगाला डाळिंबांची एक चिंचोळी बाग होती ना?"

"तुमची बस तिथेच उभी आहे," ती म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही गौहरचे..."

"मुलगा."

तिने काचेला हात टेकला. इस्फंदियारच घाईने म्हणाले, "उन्हाळा फार वाईट होता तो. आई शेवटपर्यंत हेच म्हणायची. कुणाला बोल लावला नाही तिने."

किती सभ्य माणूस! पळायला वाट करून दिली त्याने आम्हा दोघींना.

बाहेर बसचा भोंगा वाजला. तरीही माहरुखने काच उघडली आणि मला हंड्यातल्या पाण्यावर सोडलं, सगळ्या पाहुण्यांसमोर सोडते तशी. तराना वाकली. "आजोबा, हिचा काठ इथे दबलाय बघा. कशाने हो, खानम?"

या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. पडली होती एकदा. वर्षानुवर्षं मी ते ऐकत आलेय.

"पडली..." माहरुख म्हणाली आणि थांबली. भोंगा पुन्हा वाजला. मी भरत होते, माझ्या वेगाने. तिने आपला अंगठा माझ्या काठावरच्या त्या खोलगट जागी नेला. टेकवला मात्र नाही.

"पडली नव्हती, पोरी. माझ्या बापाने दाबली. तुमच्या पाळीला. आणि खडे मी टाकत होते."