पाच फुटांची अट

रविवारची सकाळ होती. मिस्त्री स्वतःच्या घरच्या न्हाणीघरातला गळका नळ उघडून बसला होता, बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि थोरली मुलगी कामावर निघायच्या घाईत एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने चहा पीत होती. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने घ्यायची. तिचा हात इतका हलका, की लहान मुलांना टोचायचं असलं की सगळे तिलाच हाक मारत. धाकटी अजून शाळेत होती आणि रविवार असल्यामुळे अंथरुणातच होती.

दार उघडंच होतं. आत्या आत आली, ती चपला काढता काढताच म्हणाली, "सातवंही गेलं."

विचारायचं काही उरलंच नव्हतं. दोन वर्षांत सात स्थळं आली आणि सातही परत गेली. कुणी आडून सांगितलं, कुणी तोंडावर. कारण एकच, मुलगी फार बुटकी. थोरली चार फूट दहा इंच होती. मिस्त्रीच्या घरात कुणीच उंच नव्हतं. आत्या तर तिच्याहूनही दोन बोटं कमी. तिचं लग्न याच कारणाने राहिलं आणि ती भावाच्या घरामागच्या खोलीत एकटीच राहायची. त्यामुळे भाचीच्या लग्नाचा विषय निघाला की तिचा जीव खालीवर होई, आणि मग ती कुणाचं ऐकून घेत नसे.

"आता आठव्याचं ऐका," ती म्हणाली. "औषधांच्या दुकानवाल्यांचं घर. मुलाच्या आईला हिची नोकरी, वागणं, सगळं पसंत आहे. फक्त म्हणते, निदान पाच फूट तरी हवी. आणि उपायही तिनेच सांगितलाय."

तिने पिशवीतून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढलं. त्यावर एका हसऱ्या मुलीचा फोटो होता. आत पायाचं चित्र होतं. पायाभोवती धातूच्या कड्या, कड्यांना जोडणाऱ्या सळया, सळयांवर नट.

मिस्त्रीने ओले हात पुसले आणि चित्र निरखून पाहिलं. तो एका कारखान्यात सव्वीस वर्षं धातू कातायच्या लेथवर काम करत होता. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळे. मालकापासून हमालापर्यंत सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. पत्रकात लिहिलं होतं, की गुडघ्याखालचं हाड कापायचं, नट फिरवून दोन तुकडे रोज एक मिलिमीटर लांब न्यायचे, मधल्या फटीत नवं हाड आपोआप भरत जातं. पन्नास दिवसांत पाच सेंटिमीटर. मिस्त्रीला यात अवघड काही दिसलं नाही. तिथेच तो फसला.

"तुझं काय म्हणणं?" त्याने थोरलीला विचारलं.

थोरलीने कप ठेवला. "करून टाका एकदाचं, बाबा. अनोळखी माणसांसमोर उभं राहून पायापासून डोक्यापर्यंत मोजून घ्यायचा मला कंटाळा आलाय."

यालाच सगळ्यांनी होकार मानलं.

दवाखाना चकचकीत होता. डॉक्टरांनी संमतीच्या कागदावर पाच ठिकाणी सह्या घेतल्या. धोके लहान अक्षरांत होते आणि ते वाचायला कुणी थांबलं नाही. दोन्ही पायांची हाडं कापली गेली. आठवड्याभराने थोरली घरी आली, तेव्हा तिच्या दोन्ही पायांभोवती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत धातूचे सांगाडे होते आणि त्यांच्या तारा कातडीतून, हाडातून आरपार गेल्या होत्या. ते बघून धाकटी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दिवसातून चार वेळा नट फिरवायचे होते, दर वेळी पाव मिलिमीटर. दुपारचं काम बायकोकडे, बाकीचे तीन फेरे मिस्त्रीकडे. तो हात साबणाने धुऊन, पाना स्पिरिटने पुसून बसायचा. वहीत वेळ लिहायचा. एका नटालाही कधी कमी-जास्त फिरवलं नाही. सुरुवातीला त्याला स्वतःच्या नेमकेपणाचं थोडं कौतुकही वाटलं.

पहिले दहा दिवस थोरली सोसत राहिली. मग पोटऱ्या ताणल्या जाऊ लागल्या. हाड लांबत होतं, पण स्नायू आणि शिरा तेवढ्या वेगाने लांबायला तयार नव्हत्या. टाचा जमिनीला टेकेनात. वॉकर धरून उभी राहिली की ती चवड्यांवर उभी राही आणि तिच्या कपाळावर घाम फुटे. तारांच्या तोंडाशी कातडी लाल होऊन पू येऊ लागला. बायको रोज एकेक तार कापसाने पुसायची. थोरली उशीचा अभ्रा दातांत धरून पडून राहायची.

"थोडं सहन कर," असं घरात जो तो म्हणायचा. आत्या म्हणायची, आई म्हणायची, दवाखान्यातली फोनवरची बाईही म्हणायची. एक दिवस थोरलीने सरळच विचारलं, "थोडं म्हणजे किती, ते कुणी सांगाल का?" मिस्त्रीकडे सगळ्या मापांची उत्तरं असत. या मापाचं नव्हतं.

एकतिसाव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तो तिला मोजे घालत होता.

"अंगठा वर कर," तो म्हणाला.

"केलाय की."

डाव्या पायाचा अंगठा होता तिथेच होता. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं. तिने श्वास रोखून जोर लावला. पाऊल तसंच लोंबत राहिलं.

मिस्त्रीने दवाखान्यात फोन लावला. पहिल्यांदा संगीत वाजलं. दुसऱ्यांदा बाईने "थांबा हं" म्हणून पुन्हा संगीत लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "असं थोडंफार होतंच. व्यायाम वाढवा. डॉक्टर परिषदेला गेलेत, बुधवारी येतील."

"तोवर नट फिरवायचे की नाही?"

"ठरल्याप्रमाणे चालू ठेवा."

"बाई, मुलीचा पाय हलत नाहीये."

"मी नोंद करून घेतलीय, काका."

त्याने फोन ठेवला. कारखान्यात यंत्राने वेगळा आवाज काढला, तर शिकाऊ पोरगाही आधी बटण बंद करतो. इथे बटण कुणाच्या हातात आहे, तेच त्याला कळेना. त्याने व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला फोन केला. ती एका वाक्यात म्हणाली, "शीर ताणली गेलीय, आता पाव फेराही देऊ नका आणि सोमवारी पहाटे मोठ्या सरकारी रुग्णालयात रांग लावा."

रविवारी संध्याकाळी औषधवाले आले. मुलाची आई आणि मुलगा. मुलगा उंचापुरा, नीटनेटका आणि गप्प. आईने येताना फळं आणली होती, थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला, "फार धीराची आहे हो पोर," असंही म्हणाली. मग तिने पर्समधून कापड मोजायची टेप काढली.

"बघू तरी किती झालं ते."

आत्याने थोरलीला हाताला धरून उठवलं आणि भिंतीशी उभं केलं. मुलाच्या आईने टेपचं एक टोक मुलाच्या हाती दिलं. "खाली टाचेशी धर रे." तो मुकाट्याने गुडघ्यांवर बसला. टाचा जमिनीवर नव्हत्याच, त्यामुळे टेप नेमकी कुठे टेकवावी हे त्याला कळेना. कड्या, सळया आणि कापसाचे बोळे त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. तो टेपवरचे आकडे बघत राहिला.

"टाचा टेकव ग नीट. हं, अजून वीस दिवस म्हणजे झालंच," आई समाधानाने म्हणाली.

थोरलीने भिंतीला टेकूनच खाली बसलेल्या मुलाकडे पाहिलं.

"माझ्या डाव्या पायाचा अंगठा कालपासून हलत नाही," ती म्हणाली. "असंच चालू ठेवलं तर पाऊल कायमचं लुळं पडू शकतं. तुम्हाला काय वाटतं, थांबावं का?"

मुलगा टेप धरूनच वर बघू लागला, पण तिच्याकडे नाही, आईकडे. "आई म्हणेल तसं," तो म्हणाला.

"अहो, एवढं सोसलंय तर दोन सेंटिमीटरसाठी कशाला थांबायचं?" आई म्हणाली. "पुढच्या पिढीचाही विचार करायला हवा ना आपल्याला."

"हाड कापल्याने मुलं उंच होत नाहीत," थोरली म्हणाली. "मी प्रयोगशाळेत काम करते. एवढं मला कळतं. तेव्हाही कळत होतं. बोलले नाही, ही माझी चूक." तिने मुलाच्या हातातलं टेपचं टोक वाकून सोडवलं. वाकताना ती कण्हली. "लग्न मला करायचं नाही. तुमच्याशी तर नाहीच."

आत्याचा तोल सुटला. "वेडी झालीस का? दादा, तू तरी सांग तिला. सहा वाजत आले, नट फिरवायची वेळ झालीय."

मिस्त्री उठला. त्याच्या हातात पाना होता, पण तो थोरलीकडे न जाता पाहुण्यांसमोर येऊन उभा राहिला.

"कालपासून मी नट फिरवलेले नाहीत आणि यापुढेही फिरवणार नाही," तो म्हणाला. "तुमची अट मी मान्य केली, यात तुमच्याइतकाच माझाही दोष आहे. आता तुम्ही या."

फळांची पिशवी बायकोने दारापर्यंत नेऊन परत केली. महिनाभरात ती पहिल्यांदाच नवऱ्याला न विचारता काही करत होती.

सोमवारी सरकारी रुग्णालयात चार तासांनी नंबर लागला. हाडांच्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी पाय तपासले, एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारलं, "पायांना जन्मापासून काही व्यंग होतं?"

"नाही."

"अपघात? आजार?"

"नाही."

"मग हे कशासाठी?"

मिस्त्रीच्या आधी थोरलीच म्हणाली, "लग्नासाठी." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी स्वतः पाना मागून घेतला आणि दोन्ही पायांचे नट थोडे उलटे फिरवले. रोज किती आणि किती दिवस उलटे फिरवायचे ते लिहून दिलं. चार दिवसांनी शिरेवरचा ताण सैल झाला. थोरलीला शांत झोप लागू लागली. अंगठा मात्र लगेच हलला नाही.

सांगाडे निघायला आठ महिने लागले. उंची वाढली ती इंचभर. एवढ्याशा वाढीसाठी तिचं नोकरीचं एक वर्ष गेलं, पोटऱ्यांवर चोवीस व्रण राहिले आणि डावं पाऊल अर्धवटच उचललं जाऊ लागलं. बुटात प्लास्टिकची पट्टी घालून, हातात काठी घेऊन ती कामावर परतली. जिने एकेक पायरी करून चढायची. पुन्हा मुलांना टोचायला तिलाच हाका येऊ लागल्या.

आत्या कितीतरी दिवस फिरकली नाही. एका दुपारी आली आणि न बोलता थोरलीच्या पोटऱ्यांना तेल लावत बसली. "माझ्यासारखं एकटं राहू नये, एवढंच होतं ग मनात," ती म्हणाली.

"माहीत आहे, आत्या," थोरली म्हणाली. "पण एकटं राहण्याचा त्रास तुला झाला की लोकांच्या बोलण्याचा?"

आत्याने आणखी तेल हातावर घेतलं.

मिस्त्रीच्या मनातला राग शांत होत नव्हता. तो औषधवाल्यांवर होता, दवाखान्यावर होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. त्याने कामात चूक केली नव्हती. चूक कामातच होती. कारखान्यात बातमी पसरली, तशी माणसं त्याच्याकडे दबक्या आवाजात येऊ लागली. काहींना सहानुभूती दाखवायची नव्हती, आपापल्या मुलींसाठी डॉक्टरांचा पत्ता हवा होता. तो त्यांना पत्ता न देता घरी घेऊन जाई. थोरली पायजमा वर करून व्रण दाखवी आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं खरं उत्तर देई. वर्षभरात तीन घरं अशी येऊन गेली आणि तिन्ही बेत सोडून परत फिरली.

चौथा होता कारखान्याचा स्टोअरकीपर. त्याची मुलगी एकोणीस वर्षांची. मिस्त्रीने त्याला तीनदा घरी बोलावलं, तो आला नाही. चौथ्यांदा मिस्त्री गोदामातच गेला, तेव्हा स्टोअरकीपर बोल्टच्या खोक्यांमागून म्हणाला, "तुमच्या मुलीचं बिघडलं म्हणून सगळ्यांचंच बिघडेल असं थोडंच आहे, मिस्त्री? दवाखाना वेगळा निवडलाय मी. परवाची तारीख आहे."

"मुलीला विचारलंत?"

"ती काही बोलत नाही. म्हणजे तयारच आहे."

मिस्त्री घरी आला आणि डबा आदळून बसला. बायकोने पाणी दिलं, ते तसंच राहिलं. "हात टेकले मी," तो म्हणाला. "सांगून सांगून तोंड दुखलं. स्टोअरकीपरने परवाची तारीख घेतलीय, म्हणे मुलगी काही बोलत नाही म्हणजे तयारच आहे. ऐकायचंच नाही म्हटल्यावर माणूस काय करणार?"

थोरली नुकतीच कामावरून आली होती. तिने बूट काढायला घेतले होते, ते तसेच राहू दिले.

"त्याने काय म्हटलं, ती काही बोलत नाही?"

"हो."

"मीही बोलले नव्हते," ती म्हणाली. तिने पट्टी पुन्हा घट्ट केली, काठी घेतली आणि उठली. "घर कुठे आहे त्यांचं?"

"बाजारामागे. तिसरा मजला, आणि लिफ्ट नाही. उद्या सकाळी जाऊ."

"उद्या तिला दाखल करून घेतील, बाबा. बापाशी नाही बोलायचंय मला. तिच्याशी बोलायचंय."

धाकटी केव्हा चपला घालून दाराशी आली ते कुणाला कळलं नाही. मिस्त्री उठला, त्याने पाणी एका घोटात संपवलं आणि मुलींच्या मागून जिना उतरू लागला.