न घासता घेणारं गिऱ्हाईक

"मातीच तर आहे!" असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं की आमच्या सासूबाईंचा दिवस सुरू होतो.

त्या सकाळी शिंपीणबाई मातीचा घोडा हातात धरून भाव पाडत होत्या.

"मातीच आहे ना? मग जा शेतात, उचल ढेकूळ आणि लाव खिंकाळायला!"

"अहो, पण मान केवढी वाकडी!"

"तुझ्याकडे बघतोय तो. ही बया किती देते म्हणून."

शेवटी घोडा निम्म्यात गेला. "मेली हाडाची चिकट! विटले गं या घासाघिशीला," असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा पोटभर जेवल्यासारखा.

मी कडेवरच्या लेकाला थोपटत आभाळ बघत होते. मागच्या वादळाने भट्टीवरचे आणि वाळवणावरचे पत्रे उचलून शेजारच्या शेतात नेऊन चुरगाळले होते. उघड्यावर कच्चे घोडे वाळत मांडलेले. एक सर आली की अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत पुन्हा चिखल. पत्रेवाला उधार देईना, आणि घर म्हणजे एकच खोली.

दुपारी एक गाडी थांबली. शहरातले डॉक्टर होते. भाजलेले घोडे फळीवर होते, त्यांचा भाव त्यांनी विचारला. आमच्या रीतीप्रमाणे मी दुप्पट सांगितला; तो निम्म्यावर आणण्यासाठीच असतो.

"बरं. सगळे द्या," म्हणत त्यांनी पाकीट काढलं.

माझ्या मनात भट्टीवर पत्रे चढलेसुद्धा! तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या हातातला घोडा काढून घेतला.

"विकायचे नाहीत."

"अहो आई!"

"तू गप. यांनी घोडा बघितलाच नाही. भाजीची जुडीसुद्धा कोणी अशी घेत नाही."

"मला आवडले ना, आजी."

"काय आवडलं?"

"सगळंच."

"सगळं म्हणजे काहीच नाही!"

पाणी द्यायच्या निमित्ताने मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "साहेब, थोडं घासा. नावं ठेवा."

"मला नाही हो जमत. घरी भाव बायकोच करते."

"मग त्यांची आठवण काढा आणि बोला!"

ते परत गेले, खाकरले. "जरा महाग वाटतात."

सासूबाईंनी पदर खोचला. "का म्हणून?"

डॉक्टर उकिडवे बसले आणि एक घोडा उन्हाकडे धरून न्याहाळू लागले. "याचा एक कान मोठा आहे."

"वारा ऐकतोय तो."

"आणि मागचा पाय आखूड. लंगड्याचे पूर्ण पैसे?"

सासूबाईंनी घोडा फळीवर ठेवला. खरंच डुगडुगला. त्यांनी मांडीवर थाप मारली. "हा बघ गं! यांनी बघितला!"

मग डॉक्टरांना कोण आवरणार? मातीतच मांडी घातली. कुणाचं नाक फेंदारलेलं, कुणाच्या पाठीला पोक. सासूबाई फणकारायच्या, हसायच्या, भाव खाली यायचा. मी सासूबाईंच्या मागून डोळ्यांनी "पुरे, पुरे" करत होते. डॉक्टरांना वाटलं, मी जोर लावायला सांगतेय. त्यांनी आणखी जोर लावला. शिंपीणबाईंच्या भावाच्याही खाली गेले! वर तो लंगडा सासूबाईंनी फुकट दिला.

"अशी गिऱ्हाइकं नशिबाने मिळतात," गाडी गेली त्या दिशेला बघत त्या म्हणाल्या.

आलेल्या पैशांत चार दिवसांनी भट्टीपुरतेच पत्रे बसले, वाळवण उघडंच राहिलं. त्या संध्याकाळी टपटप सुरू झालं तेव्हा आम्ही दोघी कच्चे घोडे आत आणत होतो. खाटेखाली घोडे, चुलीशेजारी घोडे, पाळण्याभोवती घोडे. लेक भलताच खूश. आम्ही मात्र उंबऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलो.

न राहवून मी म्हटलं, "आई, पुढच्या वेळी डॉक्टर आले की भाव मी ठरवणार."

"ठरव की," पावसाकडे बघत सासूबाई म्हणाल्या. "पण तिप्पट सांग बाई. माणूस आता तयार झालाय."