दाट यायचे असतील तर

घरात कांद्याचा वास इतका मुरला होता की शेजारीण डोळे पुसतच आत यायची आणि आल्या आल्या खुलासा करायची, "मी रडत नाहीये हं." सलूनवाल्याला ते सोयीचं होतं. त्या घरात कुणीही रडलं तरी कांद्याच्या नावावर खपून जायचं.

आजारावरच्या जालीम औषधांनी बायकोचे केस गेले, तशी तिची थोरली बहीण मुक्कामाला आली, ती किसणी घेऊनच. सोबत नवरा, म्हणजे सलूनवाल्याचे साडू. कांद्याचा रस, कोरफडीचा गर, वाटलेली मेथी हे सगळं ताईने वर्षानुवर्षं साडूंच्या डोक्यावर थापलं होतं, आणि तिथे अजून गवताचं पातंही उगवलं नव्हतं.

"ह्यांचा विश्वासच नाही ना," ताई म्हणायची.

"पण माशा बसत नाहीत," साडू प्रामाणिकपणे सांगायचे.

आणि एके सकाळी बायकोच्या डोक्यावर लव दिसली. मऊ, भुरी, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लासारखी. ताईने साडूंना हाताला धरून समोर उभं केलं. "बघा! डोकं चांगलं असलं की येतात."

सगळे हसले. सलूनवालाही हसला. केस का आले, ते त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की औषधांचा आता उपयोग नाही, उगाच हाल नकोत, घरी न्या. घरी येऊन तो म्हणाला, "औषधं पुरे झाली म्हणाले." 'पुरे' हा शब्द मोठा गुणी, ज्याला जो अर्थ हवा तो घ्यावा. बायकोने हवा तो घेतला. औषधं थांबली म्हणून केस आले. त्या बिचाऱ्या केसांना पुढचं कुणी सांगितलंच नव्हतं.

मग ताईने फर्मान काढलं. "भाऊजी, हे जावळ आहे. एकदा चकोट करून टाका, मग बघा कसे दाट येतात!"

"तसं काही नसतं हो, ताई."

"उभा जन्म लोकांची डोकी भादरलीत, आणि एवढं माहीत नाही?"

"करा हो," बायको म्हणाली. "दाट आले तर वेणी तरी घालता येईल. ह्या कापसाचं काय करू?"

केस पुन्हा यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. हे गेले की गेले. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण एकच होतं.

त्याने दुकानातून मशीन आणलं, ताईला बाहेर घालवून दार लावलं आणि बायकोच्या गळ्याभोवती काळं कापड बांधलं.

"बोला मॅडम, कसे कापू?"

"गिऱ्हाईक पुन्हा येईल असे."

त्याने मशीन चालू केलं, दात्यांचं तोंड वर धरलं आणि नुसती बोथट पाठ तिच्या डोक्यावरून फिरवली. कपाळापासून मानेपर्यंत, कानामागे, सगळीकडे, अगदी सावकाश.

"गुदगुल्या होतात!" ती खिदळत होती.

मशीन बंद झालं. ती झटकायला म्हणून मांडीवरच्या कापडाकडे वळली. काळंभोर कापड, आणि त्यावर केस म्हणून एक नाही. इतकी वर्षं धंदा करून त्याने कापडाचा विचारच केला नव्हता.

तिचा हात हळूच डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. मग तिने वर त्याच्याकडे पाहिलं. तो मशीनमध्ये नसलेले केस फुंकून काढत होता. कापडाची चारी टोकं जुळवून, आतलं काही सांडू नये इतक्या जपून, तिने ते दुमडलं.

"रुमाल बांधा डोक्याला," ती म्हणाली. "घट्ट."

त्याला गाठ जमेना. तिनेच त्याची बोटं धरून बांधून घेतली.

दारावर थाप पडली. "झालं का गं? बघू तरी!"

"झालं, ताई," ती आतूनच म्हणाली. "आता नको. दाट आले की बघ."