माझ्या घशात राहिलेली बातमी

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे आणि मोबाइलचं नाव काढलं की आजही माझा जीव जळतो.

१९९३ साली रूपसिंगांनी हळद विकली आणि मला हिंगोलीहून तांड्यावर आणलं. संध्याकाळी माझ्याभोवती माणसं जमत. "लई गोड गळा हाय याचा," म्हणत. रूपसिंगांची एक सवय मात्र मला खुपायची. सेल वाचावेत म्हणून ते मुख्य बातम्या संपताच माझं बटन बंद करीत.

पुढे त्यांचा मुलगा भावसिंग फौजेत गेला. २००५ मध्ये त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेला निघाली, तेव्हा त्याने बायकोला, बेबीबाईला, मोबाइल घेऊन दिला. त्या चिमुकल्या डबीला घरात रेंज मिळत नसे. तिच्यासाठी बेबीबाई टेकाडावर चढायची. माझ्यासाठी कुणी कधी जागेवरूनही उठलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी सांगितलं, "शांतिसेनेची मुदत सहा महिन्यांनी वाढवली." सविस्तर बातमी सुरू होणार, तोच रूपसिंगांनी बटन फिरवलं.

"झालं! पोरगं काई येत न्हाई आता."

भावसिंगच्या बहिणीचं, संगिताचं, लग्न दोन महिन्यांवर आलं होतं.

"बा, भाऊ नसला तर मी मांडवात उभी ऱ्हात न्हाई," संगिता म्हणाली.

"मंग तारीख ढकला म्हणून पाहुण्यांना सांगतो. आधीच एकदा ढकलली. सोयरीक मोडली तर माझ्यापाशी रडू नको."

"मामाजी, रविवारी त्यांचा फोन येतो. तेवढं थांबा," बेबीबाई कशीबशी बोलली.

मित्रांनो, बटन बंद असलं तरी लहरी माझ्या तारेवर येतच असतात. त्यांचा आवाज तेवढा होत नाही. मुदत मोहिमेची वाढली आहे, तिथली भारतीय पलटण मात्र बदलणार आहे, हे पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं.

रविवारी तेच वाक्य टेकाडावर मोबाइलमधून निघालं. "अगं, आमच्या जागी दुसरी पलटण येऊन राहिली. मी बराबर लग्नाआधी घरी!"

बेबीबाई धावत खाली आली. रूपसिंगांनी मोबाइल कपाळाला लावला. संगिताने तो ओढणीने पुसला. बातमी माझी आणि मान त्याचा!

भावसिंग आला, लग्न झालं. तोवर मला माळ्यावर टाकलं होतं; तिथूनच मी वाजंत्री ऐकली. आतले सेल कुणी काढले नाहीत. ते पाझरून माझ्या पट्ट्या गंजल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, यंत्र असो की म्हातारं माणूस, त्याचं बोलणं मध्येच तोडू नका. पुढच्या वाक्यावर कुणाचं तरी लग्न अडलेलं असतं. आणि जमलंच तर, ते ऐकताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.